साडेसहा गुणांचे बटाटे

टण्.

जेवणाच्या टेबलावरची शांतता मोडत आजोबांचा चमचा ताटाच्या कडेला टेकला, आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिसरा घास. काल निदान चौथ्या घासाला टेकला होता.

"बाबा, अजून थोडं घ्या ना," सूनबाई म्हणाली.

"छान झालंय," आजोबा म्हणाले. "दुधीबद्दल माझी काही तक्रार नाही. उकडलं तसा उकडला बिचारा. त्याच्या हातात काय होतं?"

आणि ते उठले.

तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. हृदय झकास सुधारलं, पण डॉक्टरांनी तळणाला बंदी घातली आणि आजोबांचं मन काही सुधारेना. ज्या माणसानं आयुष्यभर जेवणातलं कुरकुरीत ते आधी वेचून खाल्लं, त्याच्या ताटात आता सगळं मऊ आणि निमूट. गेल्या तपासणीला वजनकाट्याकडे बघून डॉक्टर म्हणाले होते, "औषधानं सगळं होत नाही हो. यांच्या पोटात चार घास जायला हवेत. पुढच्या महिन्यात मला वजन वाढलेलं दिसलं पाहिजे." तेव्हापासून सूनबाई घास मोजायला लागली होती. मोजायचे नाहीत असं ठरवूनसुद्धा मोजले जात.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना तिच्या डोक्यात एकच विचार असायचा: तेलाशिवाय कुरकुरीत कसं करायचं? दुपारच्या डब्यानंतरच्या दहा मिनिटांत तिनं एअर फ्रायरचा असा काही अभ्यास केला, की परीक्षा असती तर पहिली आली असती. शेवटी एक मागवला. घरी सांगितलं नाही. बाबांना चकित करायचं होतं.

शनिवारी सकाळी खोका आला. तिनं सही केली, दार लावलं, आणि वळते तोच पुन्हा घंटी वाजली. दुसरा खोका. त्यावर नवऱ्याचं नाव.

"तू पण?" नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला.

"म्हणजे तू पण?"

"मला बाबांना चकित करायचं होतं."

"झालो," आजोबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले.

नवऱ्यानं मागवलेला फ्रायर काळा, गोल आणि ओढायच्या खणाचा होता. सूनबाईचा चौकोनी, काचेच्या दाराचा, आत जाळीचे तीन कप्पे असलेला. पाच वर्षांच्या भिंगरीनं दोघांकडे पाहून एकाचं नाव ठेवलं हेल्मेट आणि दुसऱ्याचं कपाट. मग त्या दोघांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

"आई, यात तेल कुठे घालायचं?"

"घालायचंच नाही. गरम हवा जोरात फिरते, त्यानं पदार्थ वरून कडक होतो."

"मग आपण पंख्याखाली बसतो तेव्हा कडक का नाही होत?"

"ती हवा गार असते म्हणून."

भिंगरीचे प्रश्न सकाळी डोळ्यांबरोबर उघडायचे आणि डोळ्यांबरोबरच मिटायचे. सूनबाईला त्यांचा कंटाळा नव्हता. एकही प्रश्न उत्तरावाचून सोडायचा नाही, असं तिनं लेक बोलायला लागली तेव्हाच ठरवलं होतं आणि आजवर पाळलंही होतं.

दोन्ही कंपन्यांचा नियम सारखाच होता: आठवडाभर वापरून बघा, नाही आवडलं तर परत. तेव्हा एक ठेवायचा, एक परत करायचा. इतकं सोपं.

"तुझाच ठेवू," नवरा म्हणाला.

"नको, तुझाच ठेवू. कमी जागा अडवतो."

"पण तुझ्यात जास्त मावेल."

"तुझा दिसायला बरा आहे."

दोघंही इतकं गोड बोलायला लागले, तशी आजीनं हातातली लसूण खाली ठेवली. तीस-बत्तीस वर्षं एकत्र राहिल्यावर माणूस असं गोड बोलत नाही, आणि सातव्या वर्षी बोलायला लागला तर काहीतरी शिजतंय हे तिला कळत होतं. तसंच झालं. पाचव्या मिनिटाला नवऱ्याच्या तोंडून "काचेच्या दारातून उष्णता बाहेर पडते, एवढं तरी कळायला हवं" निघून गेलं, आणि सहाव्या मिनिटाला सूनबाईनं हेल्मेटला "अंड्यासारखं ध्यान" म्हटलं.

"त्यात काय एवढं?" नवरा म्हणाला. "शेजारी शेजारी ठेवू आणि बघू. हे बरं की हे बरं, माझा रोजचा धंदाच आहे." तो चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा. समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दिवसभर भिंगं बदलत विचारायचा: हे स्पष्ट, की हे?

"तू सांगशील तुझंच बरं," सूनबाई म्हणाली.

"आणि तू?"

"अशी तुलना होत नसते."

वर्तमानपत्र खाली आलं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच आजोबांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. चाळीस वर्षं त्यांनी परीक्षेचे पेपर तपासले होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पेपराचा अर्धा गुणसुद्धा कधी कुणी बदलून आणू शकलं नव्हतं.

"परीक्षकाला मुलाचं नाव दिसता कामा नये," ते म्हणाले. "आई-बापांनी पेपर तपासायचा नसतो. कुठल्या बशीत कुठल्या मशीनचं आहे, हे झाकलेलं पाहिजे. एकच पदार्थ, एकच आकार, एकच वेळ."

"आम्ही लॅबमध्ये असंच करतो," सूनबाई म्हणाली. "नुसता क्रमांक. नाव नाही."

"मग करा. मी तपासतो." आणि आजोबा खोलीत जाऊन लाल पेन घेऊन आले.

रविवारी संध्याकाळी बटाट्याच्या फोडी कापल्या गेल्या. आजोबांनी पट्टी मागितली. अर्ध्या बोटापेक्षा जाड फोडी बाद झाल्या. दोन्ही मशीन ओट्यावर शेजारी शेजारी बसली. नवऱ्यानं हेल्मेट चालू केला. सूनबाईनं कपाटाचं बटण दाबलं, आणि खट्ट करून घरातले सगळे दिवे गेले.

"हवेनं तळायला निघाले, हवाच गेली," काळोखातून आजी म्हणाली.

दोन्ही मशीन एका लाइनीवर चालणार नाहीत, हे तिसऱ्यांदा दिवे गेल्यावर सगळ्यांना पटलं. मग कपाट झोपायच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर गेलं. तिथे वेगळी लाइन होती. पण तोवर हेल्मेटमधल्या फोडी अर्ध्या कच्च्या, अर्ध्या काळ्या झाल्या होत्या. आजोबांनी कागदावर लिहिलं: "तांत्रिक कारणामुळे पेपर पुढे ढकलला."

सोमवारपासून परीक्षा केंद्राचा कारभार आजीकडे आला, कारण बाकी दोघं सहाला घरी पोचायची. आजीनं साडेपाचला एक घाणा स्वयंपाकघरात लावायचा, एक झोपायच्या खोलीत. एका बशीला हिरवी चिठ्ठी चिकटवायची, एकीला पिवळी. आणि कुठली कुणाची ते कागदावर लिहून पाकिटात घालायचं. पाकीट निकालाच्या दिवशी फोडायचं.

"आई, गुडघ्याला जमेल ना इकडून तिकडे?" सूनबाईनं विचारलं.

"जमवीन हो," आजी म्हणाली. "भिंगरी आहे मदतीला."

सोमवारी सहा वाजता आजोबा टेबलाशी बसले. त्यांनी हिरव्या बशीतली एक फोड उचलली, उजेडात धरली, मोडली, कानाशी नेली आणि खाल्ली. मग पाणी प्यायले. मग पिवळी. मग पुन्हा हिरवी. लाल पेननं लिहिलं: हिरवी साडेसहा. पिवळी साडेसहा.

"दोन्ही?" नवरा म्हणाला. "बाबा, हिरवी सरळ सरळ वरचढ आहे. बाहेरून कडक, आतून लोणी. हे हेल्मेटच. मी डोळे मिटून सांगतो."

"हिरवी?" सूनबाई म्हणाली. "अरे, हिरवी चामट आहे. पिवळी बघ कशी मोडते! हे कपाटाचंच काम. तिन्ही बाजूंनी हवा लागलेली कळतेय."

दार उघडंच होतं. समोरच्या घरातले विमावाले वासाच्या मागोमाग आत आले होते. कुणाच्याही घरी "सहज" यायची त्यांची रीत होती.

"वहिनी, मी सांगू?" दोन्ही बशांतल्या फोडी तोंडात टाकत ते म्हणाले. "फरक जमीन-अस्मानाचा आहे. पिवळीत हवा खोलवर शिरलीये. हिरवीत ती वरवर फिरून परत गेलीये. आमच्या धंद्यात माणूस बघूनच कळतं, किती खोल जाईल ते. तसंच आहे हे."

"तुमचा परीक्षक म्हणून अर्ज आलेला नाही," आजोबा म्हणाले.

"मी आपला बाहेरचा विद्यार्थी," विमावाले म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

या गोंधळात सूनबाईच्या एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही बशा रिकाम्या झाल्या होत्या, आणि विमावाल्यांनी फार तर सहा फोडी खाल्ल्या होत्या. बाकीच्या आजोबांनी फेरतपासणी करत करत संपवल्या होत्या. खा म्हटलं की तिसऱ्या घासाला चमचा ठेवणारा माणूस, तपासा म्हटल्यावर बशी पुसून खात होता! रात्रीच्या जेवणालाही ते दोनदा वाढून घेते झाले. म्हणाले, "पेपर तपासले की भूक लागते. पूर्वीपासून."

मंगळवारी फ्लॉवरचे तुरे. हिरवी साडेपाच, पिवळी साडेपाच. बुधवारी लाल भोपळा. सहा, सहा. नवऱ्याला रोज हेल्मेटची बशी ओळखू यायची आणि सूनबाईला रोज कपाटाची. कधी हिरवी, कधी पिवळी, पण आपलं ते आपल्याला पहिल्या घासाला कळायचं. विमावाले एक दिवस याच्या बाजूनं बोलायचे, एक दिवस तिच्या, आणि दोन्ही दिवस पोटभर. नवरा तर म्हणाला, झोपायच्या खोलीत उशीला भोपळ्याचा वास येतो. सूनबाईनं उशी हुंगली. येत होता खरा.

गुरुवारी रताळ्याच्या चकत्या. सहा, सहा. त्या रात्री तिनं, लॅबची सवय, आजोबांना वजनकाट्यावर उभं केलं. नऊशे ग्रॅम जास्त. तिनं त्यांना उतरवलं, पुन्हा उभं केलं. नऊशे ग्रॅम.

तिला आनंद झाला, आणि लगोलग शनिवार आठवला. शनिवारी अकरा वाजता एक मशीन न्यायला माणूस येणार होता. परीक्षा संपणार. मग रविवारी? रविवारी कोण काय तपासणार? पुन्हा ताट, पुन्हा चमचा, पुन्हा तिसरा घास. आणि मग तिच्या मनात एक शंका आली. आजोबांनाही हेच वाटत असेल का? म्हणून तर रोज बरोबरीत सोडत नसतील? निकालच लागला नाही, तर पेपर चालूच.

शुक्रवारी पावाचे तुकडे होते. सात, सात. बाकीचे उठून गेल्यावर ती त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"प्रश्न बघून ठरवतो."

"तुम्ही मुद्दाम तर सारखे गुण देत नाही ना? म्हणजे... चालू राहावं म्हणून?"

आजोबांनी पेनाला टोपण लावलं. हळू, दोनदा फिरवून.

"सूनबाई, एका पोराला अर्धा गुण कमी पडला म्हणून त्याचा बाप माझ्या दारात रडला होता. तेव्हाही मी दिला नाही. त्या रात्री जेवलो नव्हतो, पण दिला नाही. आणि आता बटाट्यासाठी लबाडी करू? सारखं आहे, म्हणून सारखे दिले."

"पण आम्हाला तर फरक कळतो, बाबा. स्पष्ट कळतो."

"मग तुमच्या जिभा थोर," आजोबा म्हणाले आणि खोलीत गेले. त्या रात्री जेवायला आले, पण तिसऱ्या घासाला थांबले. सूनबाईला स्वतःच्याच जिभेला चिमटा काढावासा वाटला.

शनिवारी सकाळी सगळे टेबलाभोवती जमले. विमावालेही सहज आले होते. बेरीज एकतीस, एकतीस.

"आता पाकीट फोडू," नवरा म्हणाला.

"कशाला?" आजी घाईघाईनं म्हणाली. "दोघांचे गुण सारखे, तर कुठलं कुणाचं हे कळून काय फरक पडणार?"

"नियमानुसार बरोबर आहे," आजोबा म्हणाले. ते अजून सूनबाईकडे बघत नव्हते.

तेव्हा सूनबाईच म्हणाली, "माझं कपाट परत करू. झोपायच्या खोलीत किती दिवस ठेवणार?" आवाज सरळ ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला. कपाटासाठी नव्हतंच ते. पण नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझंच जास्त चांगलं होतं गं. पिवळीतले तुकडे आठवतात मला." आता परीक्षा संपल्यावर त्याला मोठं मन करायला काही जात नव्हतं.

अकराला माणूस आला. खांद्याला पिशवी, हातात फोन, चेहऱ्यावर अजून वीस घरं करायची असल्याचा भाव. सगळे त्याच्यामागे झोपायच्या खोलीत गेले. त्यानं कपाटावरचा टॉवेल काढला, काचेचं दार उघडलं, आणि तसाच थांबला.

"ताई, या माणसांचं काय करायचं?"

वरच्या जाळीवर रुमालाचं पांघरूण घेऊन एक बाहुली झोपली होती. मधल्या मजल्यावर एक कापडी ससा बसला होता. तळमजल्यावर काडेपेटीचा पलंग होता.

"खाली करा!" भिंगरी धावत आली. "ती उठेल ना!"

"सॉरी हं," सूनबाई त्या माणसाला म्हणाली. "आज सकाळीच ठेवलं असेल हिनं. आठवडाभर रोज वापरलंय मशीन."

"वापरलंय?" त्यानं खालचा ट्रे ओढून काढला. ट्रेवर कंपनीचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा जसाच्या तसा चिकटलेला होता. एका कोपऱ्याला सुद्धा कुणी नख लावलेलं नव्हतं. "ताई, हे एकदाही तापलेलं नाही. तापलं असतं तर हे वितळून गेलं असतं. मी ‘न वापरलेलं’ लिहितो. तुमच्याच फायद्याचं आहे."

 मग सगळ्यांच्या माना सावकाश आजीकडे वळल्या.

"काय बघताय?" आजी म्हणाली. "एकदा इकडे पळ, एकदा तिकडे पळ. इथे बटाटे बघायचे की तिथे? हेल्मेट ओट्यावर होता. एकाच घाण्याच्या दोन बशा केल्या. एकीला हिरवं चिकटवलं, एकीला पिवळं. आणि ही पोरगी म्हणाली, आजी, त्या तीन मजल्यांत मी राहायला लोक आणू का? म्हटलं आण."

"सगळे पाच दिवस?" नवरा म्हणाला.

"सगळे पाच."

नवऱ्यानं जाऊन पाकीट आणलं आणि फोडलं. आत पाच कोरे कागद होते, नीट घड्या घातलेले.

"खोटं कसं लिहू?" आजी म्हणाली.

सूनबाईनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत हळूहळू ताठ होत चालले होते. चाळीस वर्षं त्यांच्या पाठीत असलेला तो जुना ताठा, जो शस्त्रक्रियेनंतर कुणाला दिसला नव्हता, मणक्या-मणक्यानं वर चढत होता.

"साडेसहा, साडेसहा," ते म्हणाले. "साडेपाच, साडेपाच. सहा, सहा."

"बाबा, मी चुकले," ती म्हणाली.

"तू नाही. जिभा," आजोबा म्हणाले. मग विमावाल्यांकडे वळले. "तुमची हवा खोलवर कुठे शिरली होती, साहेब?"

विमावाल्यांना एकदम एका गिऱ्हाइकाची आठवण झाली. पण ते दारापर्यंत जाऊन थांबले, कारण पुढे काय होतंय हे चुकवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

"ताई, मी नेऊ का मग?" मशीनचा माणूस म्हणाला.

"थांबा!" आजोबा उठून उभे राहिले. "केंद्रावर गैरप्रकार झालेला आहे. एक विद्यार्थी पेपरला बसलाच नाही आणि त्याचे गुण लागले. अशी परीक्षा ग्राह्य धरता येत नाही. सगळे पेपर पुन्हा. बटाट्यापासून."

"पण काका, आज शेवटचा दिवस आहे. आज नाही नेलं, तर दोन्ही तुमच्याकडेच राहणार. मी काय लिहू?"

"लिहा, निकाल राखून ठेवला आहे."

त्या माणसानं सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईनं नवऱ्याकडे. नवऱ्यानं खांदे उडवले, आणि मग तिला एवढं हसू आलं, की हो म्हणायला तिला नुसती मानच हलवावी लागली. आजोबा तोवर स्वयंपाकघरात पोचले होते. "पट्टी कुठे आहे?" त्यांचा आवाज आला. "आणि बटाटे मोठे घ्या, मागच्या वेळी परीक्षकाला कमी पडले होते."

आजी चार बटाटे निवडायला गेली. मग आणखी दोन घेतले.

सूनबाई जमिनीवर बसून भिंगरीबरोबर बाहुलीचं बिऱ्हाड हलवायला लागली. आज कपाट खरोखरच तापणार होतं. भिंगरीनं ससा काढला, पलंग काढला, बाहुलीला खांद्यावर घेऊन थोपटलं. मग ती बराच वेळ त्या चकचकीत, कधीच न तापलेल्या जाळ्यांकडे बघत राहिली.

"आई."

"हं?"

"यात कधीच काही शिजलं नाही ना?"

"नाही."

"मग तुला रोज कसं कळायचं, यातलं कुठलं आहे ते?"

सूनबाईनं तोंड उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसण्यात फार गुंतला होता.